पाणी कुठं मुरतंय? घरच्या कॉम्प्युटरची गायब झालेली रॅम

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत.

आजची गोष्ट मागच्या दिवाळीची आहे. मी पुण्याहून गावी गेलो होतो. गाव पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे. पोहोचलो रात्री, पाठीवरची बॅग खाली ठेवली आणि धाकटी बहीण म्हणाली, "दादा, चहा नंतर घे. आधी कॉम्प्युटर बघ."

तिला एका स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. मुदत दुसऱ्या दिवशी संपणार. फोटो अपलोड करायला गेलं की ब्राउझर पांढरा पडायचा. तीन दिवस हेच चाललं होतं. गावातल्या एका मेकॅनिकने दोन पर्याय दिले होते. एक तर फॉर्मॅट मारू, नाहीतर रॅम वाढवू. फॉर्मॅट मारला तर घरातले दहा वर्षांचे फोटो आधी कुठेतरी काढून ठेवायला हवेत. रॅम घ्यायची तर पैसे. पप्पा म्हणाले, "मशीन म्हातारं झालं, दुसरं काय."

आमच्या डेस्कटॉपमध्ये 8 जीबी रॅम आहे. टास्क मॅनेजर उघडला. 7.1 जीबी वापरात! आणि चालू काय होतं? काहीच नाही. खालच्या यादीतल्या सगळ्या प्रोग्रॅमची बेरीज केली, ती 2 जीबीच्या आतच भरली. मग उरलेली पाच जीबी गेली कुठे?

पलंगावर आबा बसले होते, माझे आजोबा. त्यांना रॅम म्हणजे काय ते माहीत नाही. पण माझा चेहरा बघून त्यांनी अहिराणीत विचारलं, "पानी कोठे मुरी राहिनं?"

मंडळी, हाच बरोबर प्रश्न होता. उत्तर शोधायला मला रात्रीचे तीन तास लागले. पण हे उत्तर नीट कळायला साठ-सत्तर वर्षं मागं जावं लागतं. तर चला.

दहा केबीचं घर

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. 1950 च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण इंजिनिअरांचा एक गट कॉम्प्युटर बनवत होता. आधी एक लहान नमुना तयार झाला, आणि 1960 मध्ये पूर्ण मशीन कामाला लागलं. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक.

या टिफ्रॅकची मेमरी होती 2,048 शब्दांची, आणि प्रत्येक शब्द 40 बिटचा. गुणाकार करा. 81,920 बिट, म्हणजे बरोबर 10 केबी. तुमच्या मोबाइलमधला एक फोटो साधारण 4 एमबीचा असतो. तो एक फोटो ठेवायला अशी चारशे मशीनं लागली असती.

ही मेमरी चिपमध्ये नव्हती. फेराइटच्या बारीक काळ्या कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असायच्या. एक कडी म्हणजे एक बिट. कडीचं चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य, उलट दिशेला असेल तर एक. म्हणजे 81,920 बिटांना तेवढ्याच कड्या. त्या डोळ्यांनी दिसायच्या.

आता महत्त्वाचा मुद्दा. एवढ्याशा मेमरीत प्रोग्रॅम बसवणाऱ्याला प्रत्येक शब्दाचा पत्ता माहीत असायचा. अमुक खणात हा आकडा, तमुक खणात ती बेरीज. काम झालं की त्याच खणात पुढचा आकडा. कुणी विचारलं, "मेमरी कोण खातंय?" तर तो कागद काढून दाखवू शकत होता. हिशोब माणसाकडे होता.

1964 मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेहून सीडीसी 3600 हे मोठं मशीन आलं. त्याची मेमरी 48 बिटच्या 32 हजार शब्दांची, आपल्या भाषेत 192 केबी. गंमत बघा, 2008 मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनची रॅम होती 192 एमबी. आकडा तोच, पण हजारपट. पण या चव्वेचाळीस वर्षांत आकारापेक्षा मोठा एक बदल झाला. हिशोबाची वही माणसाच्या हातातून गेली.

वही मशीनकडे गेली

1962 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात अ‍ॅटलस नावाचं मशीन सुरू झालं. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे प्रश्न असा होता की वेगवान मेमरी महाग, म्हणून थोडी. आणि फिरणारा चुंबकी ड्रम स्वस्त, पण हळू. अ‍ॅटलसमध्ये वेगवान मेमरी होती 16 हजार शब्दांची आणि ड्रमवर 96 हजार शब्द मावायचे. तोपर्यंत काय ड्रमवर ठेवायचं आणि काय मेमरीत आणायचं, हे प्रोग्रॅमरच ठरवायचा. डोक्याला ताप!

या मंडळींनी ठरवलं की हे काम मशीननेच करावं. मेमरीचे 512 शब्दांचे तुकडे पाडले. त्यांना म्हणायचं पेज. लागेल ते पेज मशीन आपणहून आत आणेल, न लागणारं ड्रमवर पाठवेल. प्रोग्रॅमला वाटेल की सगळी जागा आपलीच आहे. आज याला आपण व्हर्च्युअल मेमरी म्हणतो. तुमच्या घरच्या विंडोजमधली पेज फाइल ही त्याच घराण्यातली.

पण सोय आली की तिच्या मागून दुखणंही येतं. मेमरीत फारच गर्दी झाली की मशीन नुसतं पेज आत आण, बाहेर टाक, एवढंच करत बसतं. खरं काम शून्य. अमेरिकेतले पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये याचा अभ्यास मांडला. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक प्रोग्रॅमला एका वेळी काही ठरावीक पेजेस लागतातच. तेवढी जागा देता येत नसेल, तर नवा प्रोग्रॅम सुरूच करू नका.

आमच्या घरी हार्ड डिस्क घर्र घर्र वाजत होती आणि माउसचा बाण हलत नव्हता, ते हेच. डेनिंगने 1968 मध्ये सांगितलेला आजार पिंपळनेरच्या टेबलावर समोर दिसत होता.

घेतलं, पण परत दिलं नाही

1970 च्या दशकात बेल लॅब्जमधून सी ही भाषा आली. बीटेकला पहिल्या वर्षी आम्ही सगळे तिच्यातच रडलो. सी मध्ये प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागता येते. मॅलॉक म्हणायचं, जागा मिळते. काम संपलं की फ्री म्हणायचं, जागा परत जाते. मागितली आणि परत द्यायला विसरलात, तर ती जागा तशीच अडकून पडते. ना तुम्ही वापरता, ना दुसऱ्याला मिळते. याला म्हणतात मेमरी लीक, म्हणजे गळती.

थोडी जागा विसरली तर काय एवढं? 1992 चं लंडन ऐका. तिथल्या रुग्णवाहिका सेवेने 26 ऑक्टोबरला फोन घेण्यापासून गाडी पाठवण्यापर्यंतचं काम नव्या कॉम्प्युटरवर टाकलं. पहिल्या दोन दिवसांत वेगवेगळ्या कारणांनी गोंधळ उडाला, मग थोडं कॉम्प्युटरवर, थोडं हाताने असं सुरू ठेवलं. 4 नोव्हेंबरच्या पहाटे दोननंतर मात्र यंत्रणा हळू होत होत पूर्ण थांबली. पुढच्या चौकशीत निघालं काय, तर एका प्रोग्रॅमरने साधारण तीन आठवड्यांपूर्वी घातलेला छोटासा कोड. गाडी पाठवण्याच्या प्रत्येक वेळी सर्व्हरवरची थोडीशी मेमरी घेतली जायची आणि परत दिली जायची नाही. थेंब थेंब करत तीन आठवड्यांत सगळी मेमरी संपली. मध्यरात्री रुग्णवाहिका मागणाऱ्या शहराची यंत्रणा कागद-पेन्सिलीवर आली.

दुसरी गोष्ट मंगळावरची. नासाची स्पिरिट ही गाडी 4 जानेवारी 2004 ला मंगळावर उतरली. 21 जानेवारीला तिचं नीट बोलणं बंद झालं. ती पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत होती. कारण? प्रवासापासून साठत गेलेल्या फाइल्स. फाइल्स होत्या फ्लॅश मेमरीत, पण त्यांची यादी सांभाळायला रॅम लागायची. फाइल्स वाढल्या, यादी वाढली, रॅम पुरेना. इंजिनिअरांनी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून गाडी फ्लॅशला हात न लावता सुरू केली आणि जुन्या फाइल्स काढून टाकल्या. 90 दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी पुढे 2010 पर्यंत आपल्याशी बोलत राहिली. तिथे कुणी जाऊन रॅम वाढवू शकणार नव्हतं. म्हणून कारणच शोधावं लागलं.

रॅम भरलेली म्हणजे आजारी, असं नाही

इथे एक गैरसमज काढून टाकू. रॅम भरलेली दिसली की लगेच घाबरू नका. रिकामी रॅम काही पैसे वाचवत नाही, ती नुसती पडून असते. म्हणून आजच्या यंत्रणा मोकळ्या रॅममध्ये लागण्यासारख्या गोष्टी आधीच आणून ठेवतात. 2007 च्या विंडोज व्हिस्टापासून सुपरफेच हेच करतं. दुसऱ्या प्रोग्रॅमला जागा लागली की ही साठवण लगेच सोडली जाते. टास्क मॅनेजरमध्ये ती कॅश्ड म्हणून वेगळी दिसते.

तुमचा अँड्रॉइडही तसाच वागतो. बंद केलेली अ‍ॅप्स तो आठवणीत ठेवतो, म्हणजे पुन्हा उघडताना वेळ लागत नाही. जागा कमी पडली की स्वतःच काढून टाकतो. त्यामुळे दर तासाला रॅम साफ करणारी अ‍ॅप्स चालवून उपयोग नसतो. तेच अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला बॅटरी जास्त जाते.

मग आजार कधी समजायचा? आकडा चढतच राहतो, काम बंद केलं तरी उतरत नाही, आणि मालक सापडत नाही, तेव्हा. आमच्याकडे हे तिन्ही होतं.

नाव नाही, ताबा आहे

आता परत आमच्या घरी. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे खाली बारीक अक्षरांत दोन आकडे असतात, पेज्ड पूल आणि नॉन-पेज्ड पूल. ही मेमरी प्रोग्रॅमची नसते. ती विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर वापरतात. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वाय-फाय, साउंड यांना चालवणारा छोटा सॉफ्टवेअर. आणि नॉन-पेज्ड म्हणजे ही जागा डिस्कवर हलवताच येत नाही. रॅममध्ये ठाण मांडून बसते.

हा आकडा साधारण काही शे एमबी असतो. आमच्याकडे होता 4.3 जीबी!

मी आबांना म्हटलं, "सातबाऱ्यावर नाव नाही, पण ताबा आहे." आबा हसले. प्रोग्रॅमच्या यादीत हे नाव येतच नाही, म्हणून बेरीज जुळत नव्हती. बाकीच्यांना उरलेल्या जागेत दाटीवाटीने राहावं लागत होतं, म्हणून थ्रॅशिंग.

चोर कोण? मायक्रोसॉफ्टचं पूलमॉन नावाचं एक साधन आहे. ड्रायव्हर जागा मागतो तेव्हा तिच्यावर चार अक्षरांची खूण लावतो. पूलमॉन खुणेप्रमाणे हिशोब दाखवतं, किती वेळा घेतली, किती वेळा परत दिली. एका खुणेसमोर घेतल्याचा आकडा लाखांत आणि परत दिल्याचा त्याच्या जवळपासही नाही. ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये ती चार अक्षरं शोधली. सापडला. लॉकडाऊनमध्ये बहिणीच्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला यूएसबी वाय-फाय अ‍ॅडॅप्टर, आणि त्याच्यासोबत आलेल्या सीडीवरचा ड्रायव्हर.

पण नुसत्या संशयावर फाशी नको. अ‍ॅडॅप्टर काढला आणि अर्धा तास थांबलो. आकडा जागचा हलला नाही. पुन्हा लावला, एक व्हिडिओ चालू केला. आकडा चढायला लागला. नेटवरून डेटा आला की हा ड्रायव्हर जागा घ्यायचा आणि त्यातली थोडी परत द्यायला विसरायचा.

तरी एक गोष्ट डोक्यात बसेना. पप्पा रोज रात्री आठवणीने कॉम्प्युटर बंद करतात. बंद केला की रॅम रिकामी होते ना? मग 4.3 जीबी साठलं कसं?

याचं उत्तर 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 मध्ये आहे. तिथून फास्ट स्टार्टअप सुरू झालं. आपण शटडाऊन म्हणतो तेव्हा विंडोज आपले प्रोग्रॅम बंद करतं, पण स्वतःचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतं आणि सकाळी तोच वाचून पटकन सुरू होतं. म्हणजे गाभ्यातली गळतीही रात्री झोपते आणि सकाळी उठते! फक्त रीस्टार्ट केलं तरच गाभा नव्याने सुरू होतो. आमच्या घरी कित्येक आठवडे कुणी रीस्टार्ट दाबलंच नव्हतं.

आता मेकॅनिकचे दोन पर्याय आठवा. रॅम 16 जीबी केली असती तर टाकी मोठी झाली असती, गळती तशीच राहिली असती. फॉर्मॅट मारला असता तर त्याच सीडीवरून तोच ड्रायव्हर परत बसला असता. त्याला मी दोष देत नाही. यादीत नावच दिसत नसेल तर तो तरी काय करणार?

उपाय मात्र फुकट होता. अ‍ॅडॅप्टर काढला, ड्रायव्हर उडवला, रीस्टार्ट केलं. नेटसाठी माझा मोबाइल केबलने जोडला. वापर 2.4 जीबीवर आला. रात्री पावणेदोनला बहिणीचा फॉर्म गेला, पावतीची प्रिंट निघाली. तिने ती दोनदा वाचली आणि मग मला चहा मिळाला. नंतर चिपचं नाव शोधून नवा ड्रायव्हर टाकला, फास्ट स्टार्टअप बंद केलं. या गोष्टीला आता सहा महिने झाले. नॉन-पेज्ड पूल अडीचशे एमबीच्या आसपास आहे.

पाटकऱ्याची नजर

सकाळी आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पाटकरी नव्हता."

बाहेरच्या मंडळींना सांगतो. आमच्या पांझरा नदीच्या खोऱ्यात कित्येक पिढ्यांपासून फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून सारंग आणि मग शेत. जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कोणत्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, ते गावाने मिळून ठरवायचं. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही. पाटकरी प्रत्येकाचं वावर पाळीने भिजवणार, बारं फोडणार आणि भिजून झालं की बुजवणार. पुढे धरणं, विहिरी, बोअर आले आणि बरेच फड मोडले.

डेनिंगने 1968 मध्ये सांगितलं की जेवढ्यांना पुरेल तेवढ्यांनाच एका वेळी सोडा. फडात वेगळं काय होतं? आणि सी भाषेचा फ्री म्हणजे बुजवलेलं बारंच की.

टिफ्रॅकच्या काळी हिशोब माणसाच्या डोक्यात होता. अ‍ॅटलसनंतर तो मशीनकडे गेला, ते बरंच झालं. नाहीतर आज तुम्ही-मी फोन वापरूच शकलो नसतो. पण हिशोब मशीनकडे गेला तरी तो कुठेतरी लिहिलेला असतो. आपण तो उघडून बघायची सवय सोडली, एवढंच. मशीन म्हातारं झालं असं म्हणून नवं घेण्याआधी एकदा बघा.

तर या आठवड्याचा गृहपाठ. घरच्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. नॉन-पेज्ड पूलचा आकडा लिहून ठेवा. मग शटडाऊन नाही, रीस्टार्ट करा आणि आठवड्याने पुन्हा तोच आकडा बघा. चढलेला दिसला तर मला कळवा, मिळून शोधू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, राम राम मंडळी.